सात नंबरचा रिलीव्हर

...आणि वर म्हणतात, पाच मिनिटांत सांगा! ऐकलंत ना तुम्ही? बास्केटबॉल टीमचा सबंध इतिहास, पाच मिनिटांत! अहो, आमच्या टीमला बुटाच्या नाड्या बांधायला पाच मिनिटं पुरायची नाहीत... आणि हे म्हणतंय कोण, तर आपल्या प्रिन्सिपल मिनल मॅडम, ज्यांनी आत्ता नुसत्या प्रास्ताविकात तुमचा चहा थंड केला. हसा, हसा, मॅडमना राग येत नाही. बरं, एवढ्यावर भागलं का? नाही. ‘इनायतभाई, स्टेजवर या.’ नाही येणार! मांडववाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, माझा माईक खाली लाव, ग्राउंडच्या मधल्या सर्कलमध्ये, आणि स्टँडवर लाव, हातात देऊ नकोस. मग आता तिसरं. ‘इनायतभाई, निदान खिशातले हात तरी काढा, फोटोत बरं दिसत नाही.’ नाही काढणार! फोटो गेला उडत. हात खिशातच राहणार. का राहणार ते सांगतो, तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं, पण एक करा राव, मधेच उठून जाऊ नका. मला उठून जाता येत नाही, निदान तुम्ही तरी बसा.

तर मी इनायत शेख. नेहरूनगरला टायरचं दुकान आहे, पंक्चर, हवा, बॅलन्सिंग, सगळं. वडिलांनी काढलं, मी चालवतो, म्हणजे चालवत होतो, सध्या आमची बायको कनीज चालवते आणि गिऱ्हाइकं म्हणतात आता जरा शिस्त आली, असो, ते दुःख वेगळं. मी याच कॉलेजच्या, याच टीमच्या पहिल्या बॅचचा खेळाडू. कोण हसलं मागच्या ओळीत? ही उंची आणि बास्केटबॉल, म्हणून हसताय ना? पण मला टीममध्ये का घेतलं माहितीये का? आमच्या दुकानात कॉम्प्रेसर होता म्हणून! कॉलेजकडे बॉल होता, पंप नव्हता. उद्धवराव सर म्हणाले, ‘ह्याला घ्या रे, ह्याच्यामुळं बॉलमधी हवा राहील.’ झालं आमचं सिलेक्शन.

आता हे उद्धवराव सर कोण, तर टीमचे कोच, क्रीडा शिक्षक, सगळं तेच. आणि तुम्हाला सांगतो, हा माणूस मुळात क्रीडा शिक्षक नव्हताच हो! लातूरकडचे, इथल्या एका कंपनीत मशीन शॉपला फोरमन. कंपनीनं व्हीआरएस दिली, कुणाच्या तरी ओळखीनं इथं चिकटले. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल यांच्यातला फरक त्यांना एवढाच माहीत, की एकाची जाळी आडवी असते आणि एकाची गोल. मुलं निवडायची पद्धत काय? वर्गात जायचं, एकेकाला उभं करायचं आणि विचारायचं, ‘स्टुलाबिगर ट्यूबलाइट बदलता येती का?’ येते म्हणाला की टीममध्ये. नाही म्हणाला की, ‘बस खाली, अभ्यास कर.’

आणि मुलं तरी कसली? सकाळचं कॉलेज होतं तेव्हा आपलं. सकाळी लेक्चर, दुपारी कंपनी. कुणी भोसरीला, कुणी चाकणला, कुणी हेल्पर, कुणी ऑपरेटर. डोळ्यांत झोप, हाताला ऑइल. त्यामुळे सरांना भाषा बदलावीच लागली नाही. प्रॅक्टिसला म्हणायचे प्रॉडक्शन. बॉल रिंगला लागून बाहेर पडला की, ‘रिजेक्शन! रिजेक्शन!’ कुणाचा पाय मुरगळला की ब्रेकडाउन. आणि बदली खेळाडूला काय म्हणायचे? रिलीव्हर!

आता ज्यांच्या घरातलं कुणी शिफ्टला जातं त्यांना रिलीव्हर काय ते सांगायला नको, पण पुढं बसलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. तुमची शिफ्ट संपली, भोंगा झाला, भूक लागली, बस लागली, बायकोचा फोन आला, काही होवो, मशीन चालू असलं आणि पुढच्या शिफ्टचा माणूस आला नसला तर तुम्ही हलायचं नाही. तो येणारा माणूस म्हणजे तुमचा रिलीव्हर. आणि सरांच्या शॉपमधली चाल अशी, की जाणाऱ्यानं हात पुढं करायचा आणि म्हणायचं, ‘दिलं.’ येणाऱ्यानं त्या हातावर हात मारायचा आणि म्हणायचं, ‘घेतलं.’ हात लागला पाहिजे आणि दोन्ही शब्द झाले पाहिजेत, आधी दिलं, मग घेतलं. हात नसला तर शब्द फुकट. ...हां, हां, दचकू नका, आत्ता मी म्हणालो ते गोष्टीतलं आहे. हात खिशात आहेत माझे, बघून घ्या.

तीच चाल सरांनी ग्राउंडवर आणली! रेफ्री शिट्टी मारून मारून थकायचा, बदली खेळाडू आत आलाय, पण जाणारा बाहेर जायला तयार नाही, का, तर आत येणारा घाईत ‘घेतलं’च्या ऐवजी ‘हो हो’ म्हणाला! सर बाहेरून ओरडतायत, ‘हो हो काय बे? लग्न ठरवायलास का? नीट चार्ज घे!’ सगळं ग्राउंड हसायचं. आम्हीही हसायचो. आणि सर छाती पुढं काढून म्हणायचे, ‘हसा लेकहो. पण ध्यानात ठेवा, रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही!’

तर त्या टीमचा सात नंबर, मालोजी. देहूकडचा. काय उंची होती राव! ट्यूबलाइट सोडा, पंख्याची पाती पुसायचा खाली उभा राहून. ही आपल्या मागची भिंत दिसते ना, तिच्या पलीकडे आता टॉवर झालेत, स्विमिंग पूल काय, क्लब हाउस काय... तेव्हा तिथं कंपनी होती, तिथं मालोजी सेकंड शिफ्टला. प्रॅक्टिसला यायचा तो डब्याची पिशवी घेऊनच. ती पिशवी त्या तिकडच्या पोलच्या खिळ्याला अडकवायची, खेळायचं, कंपनीचा भोंगा झाला की पिशवी काढायची आणि भिंतीला वळसा घालून पळत सुटायचं. बोलायला एकदम मऊ. कधी कुणाला कोपर लागलं तर खेळ थांबवून विचारायचा, ‘लागलं न्हाई ना रं?’ समोरची टीम तेवढ्यात बास्केट करून मोकळी!

मी बाकावर बसून असायचो, मांडीवर बॉल, हवा बरोबर आहे का बघत. एक दिवस हा आला, मला उचललं आणि सरळ खांद्यावर बसवलं. म्हटलं, अरे काय करतोस, पडेन! तर म्हणाला, ‘टाक, इनायत. तुला बी कळू दे वरनं कसं दिसतंय.’ आणि मी टाकला. आयुष्यात माझी तेवढीच एक बास्केट. रिंग अशी इथं, हाताशी... मला अजून स्वप्नात दिसते.

मग ती फायनल. मी फायनलचं लवकर सांगतो, कारण मला ते सांगवत नाही. याच ग्राउंडवर, भर दुपारी. मालोजीनं आदल्या दिवशी सेकंड केली होती, तिच्यापुढे थर्डला ओव्हरटाइम लागला, सकाळी तसाच कॉलेजला, आणि तसाच मॅचला. डोळे लाल. सर म्हणाले, थोडा वेळ खेळ, तुझा रिलीव्हर नवनाथ आला की तू बाहेर. आता नवनाथ कुठं, तर त्या दिवशी कॉलेज बुडवून चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला. आणि तो का येईना? तर त्याचा रिलीव्हर आला नव्हता! तिकडं चाकणला कुणाची तरी बस चुकली, म्हणून नवनाथ मशीनला अडकला, आणि नवनाथ अडकला म्हणून इकडं मालोजी अडकला. मालोजी पळता पळता बाहेर बघतोय, ‘सर, रिलीव्हर?’ सर म्हणतायत, ‘यायलाय रे, यायलाय!’ मी उठून उभा राहिलो. म्हटलं, सर, मी जातो. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘तू त्या मशीनचा नाहीस. तुला ट्रेनिंग नाही. खाली बस.’ परत मालोजी, ‘सर, रिलीव्हर?’ ‘यायलाय रे! रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही!’

मॅच जिंकली आम्ही. मालोजीनंच शेवटची बास्केट केली. सगळी पोरं नाचतायत, सरांना उचललंय, आणि हा आपला इथं, मी उभा आहे ना, बरोब्बर इथं, मधल्या सर्कलमध्ये येऊन बसला. दमून बसतात तसा. मला वाटलं पाणी हवं असेल, मी तांब्या घेऊन आलो, तर तो बसल्या बसल्या गेला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. एवढं तरणंताठं पोर... आणि तेवढ्यात नवनाथ फाटकातून पळत आला, अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, हात ग्रीसचे काळे, गर्दीत घुसला आणि त्याचा हात हातात घेऊन ओरडायला लागला, ‘घेतलं! मालोजी, घेतलं रे! घेतलं!’ पण आधी दुसऱ्यानं म्हणायला लागतं ना. मालोजी कुठला म्हणणार.

हां. तर तिथून पुढं टीमचा खरा इतिहास सुरू होतो. तुम्हाला ते बाहेर कपाटात चषक दिसतायत ना, ओळीनं? ते कसे आले कुणी विचारलंय? आपलं कॉलेज, आपली पोरं, अर्धी झोपेत... एवढे चषक कुठून? ऐका. पुढच्याच वर्षी पहिली मॅच. रेफ्रीनं शिट्टी मारली. ‘तुमचे सहा जण आहेत आत!’ सर म्हणाले, मोजा. मोजले, पाच. खेळ सुरू. परत शिट्टी. ‘सहा!’ परत मोजले, पाच. रेफ्रीनं चष्मा पुसला, डोळ्यांवर पाणी मारलं, एका रेफ्रीनं तर पोरांना बोटं वर करून आकडे म्हणायला लावले, एक, दोन, तीन, चार, पाच... आणि मग म्हणे मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘सहा.’ तो रेफ्री तसाच मोटरसायकल काढून घरी गेला, शिट्टी गळ्यात घेऊन.

मग समोरच्या टीमच्या तक्रारी. ‘सर, तुमच्या त्या सात नंबरला सांगा, उंचाला, फार आडवा येतो.’ आता सात नंबरची जर्सी मालोजीबरोबर गेली होती, त्यानंतर आम्ही कुणाला तो नंबर दिलाच नव्हता. ‘कोण सात नंबर?’ ‘अहो तोच की, कुणाला लागलं की थांबून विचारतो, लागलं न्हाई ना रं!’ ...मी बाकावर बसून हे ऐकलंय, तुम्हाला सांगतो, भर उन्हात. आणि आमची पोरं? चुकून मोकळ्या जागेत पास द्यायची, जिथं कुणी नाही तिथं, आणि बॉल परत यायचा! बरोबर हातात! कूलंटचा वास घेऊन यायचा. मशीनवर पांढरं पाणी सोडतात ना, दुधासारखं, त्याचा वास. मी किती वेळा धुतले ते बॉल.

संस्थेच्या लोकांना सांगितलं. ते म्हणाले, जिंकतोय ना आपण? मग चालू द्या!

आणि दुपारी शिफ्ट बदलायची वेळ झाली की ह्या सर्कलमध्ये... नीट सांगतो. खेळताना कुणी पोरगं इथून गेलं की त्याला वाटायचं, समोर कुणीतरी हात पुढं केलाय. आणि कानाशी, अगदी मऊ आवाजात, ‘दिलं.’ ...हात खिशात आहेत, हात खिशात आहेत! घाबरू नका. तर प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला एवढं एकच शिकवून जायची, सर्कलमध्ये तो शब्द ऐकू आला तर गप्प राहायचं, हात मागं घ्यायचा आणि पळायचं. कारण घेतलं म्हणालात की संपलं. मशीन तुमचं. मग तुमचा रिलीव्हर येईपर्यंत तुम्ही इथं. आमच्या टीमची पोरं मॅचच्या सुरुवातीला इथं बॉलसाठी उडी असते तेव्हा एक हात पाठीमागं धरून उडतात, लोकांना वाटतं स्टाइल आहे!

कंपनी चाकणला गेली, हे टॉवर उभे राहिले, तरी आमच्या ग्राउंडवर रोज दुपारी भोंगा ऐकू यायचा. टॉवरमधल्या लोकांना विचारा, त्यांना काही ऐकू येत नाही. इथं यायचा. आणि उद्धवराव सर रिटायर झाले तरी रोज त्या वेळेला यायचे, छत्री टेकवत, इथं बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘यायलाय रे मालोजी, यायलाय.’ आता आवाजात तो फोरमन नव्हता हो. रडवेला म्हातारा होता. गावाकडे जायच्या आधी माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले. म्हणाले, ‘इनायत, मी म्हणलं त्याला, बाबा, माझ्याकडं दे, मी घेतो. तर काय म्हणला माहित हाय का? सर, तुमी सुपरवायझर, तुमाला कसं देऊ? सुपरवायझर कुठं मशीनवर उभा राहतो?’ आणि मान खाली घालून बसून राहिले. ‘माझंच वाक्य मला नडलं बघ, इनायत. रिलीव्हर आल्याशिवाय...’ छत्री उचलली आणि गेले. नवनाथनं तर फायनलच्या दिवसापासून ह्या फाटकातून पाय आत टाकला नाही. बिचारा. त्याचं काय चुकलं होतं?

मी मात्र यायचो. हवा भरायला. मला त्यानं कधी हात पुढं केला नाही. मला ट्रेनिंग नव्हतं ना!

आणि मग राव, आमचा सोहेल मोठा झाला. हा बसलाय बघा पहिल्या ओळीत, मान खाली घालून, पाय दुमडायला जागा नाही. उंची आईकडून आलीये. हा पठ्ठ्या ह्याच कॉलेजात, ह्याच टीममध्ये, आणि दुपारनंतर चाकणला ट्रेनी! मी म्हटलं, क्रिकेट खेळ, कॅरम खेळ, तर नाही. आणि नव्या जर्सी आल्या. छापणाऱ्या पोरानं चारपासून पंधरापर्यंत सगळे नंबर छापले, सातसकट! त्याला काय माहीत? वाटप झालं त्या दिवशी हे साहेब ओव्हरटाइमला. राहिलेली जर्सी ह्याची. नंबर सात.

एक दिवस जेवताना म्हणतो, ‘अब्बा, ग्राउंडवर एक दादा उभा असतो. हात पुढं करतो.’ कनीज म्हणाली, कोण दादा? मी म्हटलं, ‘तू काय म्हणालास त्याला?’ म्हणाला, ‘अजून काही नाही. पण अब्बा, इतरांपुढे करतो तसा माझ्यापुढे नुसता हात नाही करत. माझी जर्सी बघतो आणि म्हणतो, आलास व्हय रं? माझीच वाट बघत होता असं वाटतं. कुणी हात पुढं करून उभं राहिलेलं बरं दिसतं का? सलामाला जवाब दिला नाही तर तुम्हीच रागावता.’ आम्हीच तर शिकवलंय, मोठ्या माणसाचा हात रिकामा ठेवू नये. पोरगं एवढं शहाणं, एवढं आदबीचं, की ते घेतलं म्हणणार, शंभर टक्के म्हणणार, आणि मग ते पोर रोज दुपारी इथं उभं... किती वर्षं? रागावलो, समजावलं, हात जोडले. म्हणतो, ‘अब्बा, तो दमलाय हो.’

सोहेल बाहेर गेल्यावर मी कनीजला सगळं सांगितलं, मालोजीपासून. मला वाटलं रडेल. ती भांडी गोळा करता करता म्हणाली, ‘मग तुम्ही घ्या की!’ म्हटलं, अगं मला त्या मशीनचं ट्रेनिंग नाही! ‘दुकानाचं तरी कुठं होतं?’ म्हटलं, तो मला देणार नाही, आता सात नंबरची जर्सी बघतोय तो. तर ही उठली, दोरीवरून सोहेलची जर्सी काढून आणली आणि माझ्या डोक्यातून घालायला लागली. पोटाशी अडकली. ‘श्वास घ्या आत.’ घेतला. ‘अजून घ्या.’ चढली एकदाची. मग माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. म्हणाली, ‘संध्याकाळी घरी येता येईल ना पण?’ मी म्हटलं, येईन गं. मला तरी कुठं माहीत होतं?

मॅचच्या दिवशी सोहेल जर्सी शोधतोय घरभर. शेवटी कुणाची तरी दुसरी घालून खेळला. मध्यंतर झालं, शिफ्ट बदलायची वेळ, आणि हा सरळ सर्कलकडे निघालाच! हात जर्सीला पुसत! ठरवूनच आला होता कार्टा! मी बाकावरून उठलो, शर्ट काढून फेकला, आत सात नंबर, आणि पळालो. हे गुडघे घेऊन पळालो. लोक हसतायत, रेफ्री शिट्ट्या मारतोय, ‘ओ काका! ओ काका!’ सोहेल ओरडतोय, ‘अब्बा, थांबा!’ मी त्याला असा खांद्यानं ढकलला, आणि सर्कलमध्ये पाय टाकला.

एकदम सगळे आवाज बंद. कूलंटचा वास. आणि समोर तो. तेवढाच हो. तेवढ्याच वयाचा, डोळे लाल, हात पुढं. आधी जर्सी बघितली, मग वाकून माझं तोंड बघितलं. ‘इनायत? लेका, केस कुठं गेलं तुझं?’ म्हटलं, ते राहू दे, मी तुझा रिलीव्हर. मान हलवली त्यानं. ‘तुला ट्रेनिंग न्हाई.’ मी म्हटलं, ‘खांद्यावर कुणी घेतलं होतं मला? वरून कसं दिसतं ते कुणी दाखवलं? तेवढं ट्रेनिंग झालंय माझं.’ जरा विचार केला त्यानं. मागून सोहेल उठून येत होता, मला त्याचे पाय ऐकू येत होते. मग मालोजी हसला. ‘व्हय. ते हाय.’ आणि म्हणाला, ‘दिलं.’ सोहेलचा हात माझ्या कानाजवळून पुढं आला, पण मी आधी मारला! फाडकन! ‘घेतलं!’ केवढ्यांदा ओरडलो मी. हात गार. बर्फ नव्हे, सकाळचं लोखंड असतं तसा गार.

त्यानं पोलवरची पिशवी काढली. तिथं पिशवी नव्हती, पण त्यानं काढली. मला म्हणाला, ‘उशीर न्हाई ना झाला रं?’ मी म्हटलं, नाही, नाही, पळ. आणि पळाला, वळसा न घालता, सरळ भिंतीतून. आणि भोंगा झाला. वेळेवर पोचला बघा पोरगा. त्यानंतर भोंगा कधी झाला नाही.

सुटला तो. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. सोहेल माझ्या गळ्यात पडून रडला. कनीजनं शिरखुर्मा केला, ईद नसताना. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर वर केलं... समोर हे ग्राउंड. दुकान नाही, टायर नाही, ग्राउंड. म्हटलं भास असेल. तिसऱ्या दिवशी मुद्दाम चाकणला गेलो, एका गिऱ्हाइकाकडे, हॉटेलात हात धुतले, रुमाल काढला, मान वर केली, तर हा सर्कल. हात ओले. आता मी धडपड करत नाही. वेळ झाली की आपण होऊन येतो, बसचा त्रास तरी वाचतो. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यासारखा सुटतो, घरी जातो, कनीजला तेवढाच शब्द दिलेला पाळला जातो. आणि मॅच असली की रेफ्री मोजतात, सहा. पोरांना मी पास देतो. हसू नका, बरे देतो!

म्हणून मॅडम, माझा माईक इथं. म्हणून मी स्टेजवर येत नाही, स्टेज सर्कलच्या बाहेर आहे आणि तुम्ही कार्यक्रम ठेवलाय शिफ्ट बदलायच्या वेळेला. आणि म्हणून हात खिशात. कारण मला फक्त हात पुढं करून एक शब्द म्हणायचाय, की मी मोकळा. केवढं सोपं आहे! तुम्ही एवढी माणसं बसलाय, कुणीतरी चुकून हातावर हात मारून घेतलं म्हणेलच. पण चुकून कशाला... सोहेल, बस खाली! बस म्हटलं ना! बघितलंत? माझा हात खिशात नुसता हलला तर हा उठला. रोज येतो, कंपनीला उशीर करून इथं समोर बसतो, आज तर रजाच टाकून आलाय. पाणी आणतो, छत्री आणतो, आणि माझ्या खिशाकडे बघत बसतो. ज्या दिवशी मी तो शब्द म्हणेन ना, त्या दिवशी दुसरा कुणी तोंड उघडायच्या आत हा घेतलं म्हणून मोकळा होईल. मी ओळखतो त्याला. माझंच पोरगं आहे.

तेव्हा तो शब्द म्हणायचाच नाही. आपलं ठरलंय. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही... आणि मी रिलीव्हर येऊच देणार नाही.

काय मॅडम? चिठ्ठी कसली? ‘वेळ संपली’? अहो, तुमची संपली असेल! बरं, टाळ्या वाजवा आणि निघा आता सगळे, चहा तिकडं ऑफिसजवळ ठेवलाय. माझा तेवढा कुणीतरी इकडं आणून द्या. पण हातात नको हं, खाली ठेवा.